वाघुर्ड्याचा घरदगड

तो चुन्याने रंगवलेला दगड दिसतो ना, त्याच्या अलीकडेच थांबा. तुम्हाला नाही, त्या चष्मेवाल्या साहेबांना म्हणतोय. पाय मागे घ्या दादा. या दगडाला पाय लावायचा नाही असं फाटकाशी एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, पण पाटी वाचली तर जणू आमच्यावर उपकार होतील. येणारा प्रत्येक जण सरळ त्या दगडाकडे जातो आणि मला बसल्या जागेवरून ओरडावं लागतं. आता या, इथे कट्ट्यावर सावलीत बसा. मी बापू गुरव. देवीची पूजा आमच्या घराकडे, आणि या मैदानाची झाडलोटही आमच्याकडेच. दोन्हीचं कौतुक कुणाला नाही.

हा वाघुर्ड्याचा माळ. मधोमध टेकाड आहे, त्यावर शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे बिनचेहऱ्याचा दगड, ती माळजाई. तिच्या चारी अंगांना चार दगड रोवलेत. त्यातले तीन बघा, पावलांनी झिजून पाटा-वरवंट्यासारखे गुळगुळीत झालेत. चौथ्यावर मात्र पाथरवटाच्या टाकीचे घाव अजून दिसतात. हा घरदगड. खेळणारा इथून निघतो आणि तीन दगडांना पाय लावून इथेच परत येतो, असा बेसबॉलचा नियम. आमच्याकडे निघतात सगळे, पण पोचत कुणी नाही. मग धाव मोजायची कशी, असं तुम्ही विचारणार. दगडाच्या अलीकडे हात जोडला की धाव धरायची, असं आम्ही ठरवून घेतलंय. तुमच्या बेसबॉल संघटनेला ते मान्य नाही, ठाऊक आहे मला.

आणि पलीकडे तो निवडुंग. सगळा माळ साफ, आणि त्या कोपऱ्यात पुरुषभर उंचीचं काटेरी रान. नगरपालिकेला तिथे गाड्या लावायला जागा हवी आहे. दर उन्हाळ्यात कुणीतरी कोयता घेऊन येतो, गावातली दहा माणसं त्याच्यासमोर येऊन उभी राहतात आणि तो चहा पिऊन परत जातो. का तोडत नाहीत, म्हणून मला विचारतात. मी सांगतो. सांगून सांगून जिभेला घट्टे पडले, तरी सांगतो.

वाघुर्डे हे तेव्हा लहानसं संस्थान होतं. गादीवर हैबतराव महाराज. माणूस मनाचा मोठा, पण डोक्यात एक खूळ शिरलं की ते बाहेर काढायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही, असे सांगतात. शेजारच्या संस्थानात नामांकित पहिलवान होते आणि आमचा गडी दर जत्रेत त्यांच्याकडून पाठीला माती लावून घ्यायचा. महाराजांना ते फार लागलं होतं. पुढे दाताच्या दुखण्यावर इलाज करायला ते विलायतेला गेले आणि तिथून अमेरिकेला. दात काढून आले की नाही, कुणास ठाऊक. येताना पेट्या भरून लाकडी दांडे, कातडी पंजे आणि चेंडू घेऊन आले.

तिकडे त्यांनी बेसबॉलचा संघ बघितला होता. खेळणाऱ्यांना पगार असतो, दुसरं काम नसतं, हे त्यांना फार पसंत पडलं. आपल्याकडे पहिलवानाला खुराक देतो तसंच हे. त्याहून पसंत पडली ती दुसरीच गोष्ट. म्हणाले म्हणे, "हा खेळ आसपासच्या शंभर कोसांत कुणाला येत नाही. मग आपल्याला हरवणार कोण?" खेळायला तरी कोण येणार, हा विचार महाराजांना सुचला नाही, आणि दरबारात तो बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

तर पगारी संघ उभा राहिला. प्रत्येक गड्याला दरबारचा पितळी बिल्ला मिळाला. चेंडू फेकायला उंचवटा लागतो आणि भोवती सपाट जागा लागते. अशी जागा संस्थानात एकच, माळजाईचा माळ. महाराजांनी माझ्या पणज्याला, सिदू गुरवाला, देवीचा कौल घ्यायला सांगितलं. तांदळ्याला दोन फुलं लावायची, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पणज्याने विचारलं, "आई, म्हाराज माळावर चेंडूचा ख्येळ मांडत्यात, मांडू दे का?" उजवं फूल टपकन पडलं. सगळे खूश. पेढे वाटले.

आता माझ्या कपाळावर हात का जातो ते ऐका. खेळ मांडू का, एवढंच विचारलं. धावायचं कुठल्या बाजूने, हे कुणी विचारलंच नाही! महाराजांना कौलातलं कळत नव्हतं आणि पणज्याला खेळातलं. बेसबॉलमध्ये गडी पळतो तो मधला उंचवटा डाव्या हाताला ठेवून. तुमच्या साहेबाच्या देशात त्या उंचवट्यावर देव नसतो, त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. आमच्याकडे देवाला नेहमी उजवीकडे ठेवून फिरायचं. डावीकडे ठेवून पुरा फेरा घालतात तो एकाच ठिकाणी, स्मशानात, खांद्यावर गळकं मडकं घेऊन चितेभोवती.

सरावाच्या पहिल्याच दिवशी दौलू माळी नावाच्या गड्याने चेंडू असा टोलवला की पुरा फेरा मारून तो घरदगडावर आला. महाराजांनी त्याच्या गळ्यात हार घातला. आठवडा उलटायच्या आत दौलूचा बाप गेला. म्हातारा वर्षभर अंथरुणाला खिळलेला होता, वैद्याने केव्हाच हात टेकले होते, पण ते कोण ऐकतो? गावात एकच बोभाटा झाला की दौलूने बापाचा फेरा आधीच घातला.

पुन्हा कौल. या वेळी पणज्याने नीट विचारलं, "आई, तुला उजवीकडं धरून पळाले तर चालंल का?" म्हणे प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवं फूल खाली. दरबारच्या शास्त्रीबुवांनीही पोथी उघडून निर्णय दिला की अर्धा डावा फेरा हा फेरा नव्हे, त्याला दोष नाही. पुरा डावा फेरा मात्र अंत्यविधीच. झालं. संघ उलटा पळायला लागला. साहेबाचा तिसरा दगड तो आमचा पहिला. वर्षामागून वर्षं हे गडी देवीला उजवी घालत पळत राहिले, आपसातच दोन तट करून खेळत राहिले, जिंकायचे तेही तेच आणि हरायचे तेही तेच.

या संघातला चेंडू फेकणारा होता मल्हारी बोडरे, आणि खरी गोष्ट त्याची आहे. मल्हारी जातीने रामोशी. पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण करणारी माणसं. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरू उडवता उडवता त्याचा हात असा बसला होता की सांगाल त्या कणसाला धोंडा मारून दाखवायचा. महाराजांनी ते पाहिलं आणि त्याला उचललं.

पण मल्हारीला खेळाचं वेड नव्हतं आणि पगाराचंही फारसं नव्हतं. त्याला हवा होता तो बिल्ला. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला हे माहीत नसेल. त्या काळी इंग्रज सरकारने काही जातीच्या जातीच गुन्हेगार ठरवून टाकल्या होत्या. चोरी केलेली असो नसो. त्या घरच्या पुरुषांनी रोज दिवेलागणीला चावडीवर जाऊन रांगेत उभं राहायचं, जमादाराने नाव पुकारायचं, यांनी 'हाजीर' म्हणायचं. पुकारल्यावर आवाज आला नाही तर तुरुंग. मल्हारीची बायको ठकू बाळंतपणात अडली होती, घरातून तिचं ओरडणं चावडीपर्यंत ऐकू येत होतं, आणि मल्हारी रांगेत उभा राहून आपलं नाव यायची वाट बघत होता. ते पोर वाचलं नाही. जमादाराने त्या दिवशी मुद्दाम रांग शेवटाकडून सुरू केली होती, असेही सांगतात.

दरबारच्या नोकराला हजेरी माफ होती. बिल्ला छातीवर लागला त्या संध्याकाळी मल्हारी चावडीसमोरून गेला आणि थांबला नाही. एवढंच काय ते त्याचं सुख. पुढे त्याला मुलगी झाली, तेव्हा तो घरात होता.

आता संस्थानावर लक्ष ठेवायला इंग्रजांचा एजंट असायचा. त्याच्या डोळ्यांत हा पगारी संघ खुपायला लागला. ज्यांच्याशी कुणी खेळत नाही असे गडी पोसायचे कशाला, हा त्याचा सवाल, आणि खरं बोलायचं तर सवाल चुकीचा नव्हता. त्याच सुमारास खालच्या अंगाला नदीवर धरणाची पाहणी करायला अमेरिकन इंजिनियरांचा तळ पडला होता. एजंटाने महाराजांना सुनावलं, "त्यांच्याशी एक सामना खेळा. सामना संपेल तेव्हा तुम्ही जिंकलेले असलात तर संघ राहू द्या. नसलात तर त्याच दिवशी मोडून टाका." महाराजांनी भर दरबारात कबूल केलं. मल्हारीचा हिशोब सरळ होता. संघ मोडला की बिल्ला गेला, आणि बिल्ला गेला की दिवेलागणीला चावडी.

सामना साहेबाच्या नियमाने होणार होता, म्हणजे देवीला डावीकडे ठेवून. महाराजांनी गड्यांना निक्षून सांगितलं, "एक दिवस डावीकडून पळा. दोष लागला तर त्याची शांती मी करवतो." गड्यांनी माना डोलावल्या. वाघुर्ड्याच्या माणसाने मान डोलावली म्हणजे तो ऐकणार नाही हे समजायचं, पण राजाला कोण सांगणार?

सामन्याला पंचक्रोशी लोटली होती. मल्हारीने त्या दिवशी जे चेंडू फेकले त्याला तोड नाही. धिप्पाड अमेरिकन यायचे, हवेत दांडा फिरवायचे आणि मान हलवत परत जायचे. एकालाही त्याने घरदगडावर परत येऊ दिलं नाही. आमचे गडी मात्र काय करत होते? चेंडू मारायचे, दुसऱ्या दगडापर्यंत पळायचे आणि तिथे बसकण मारायचे. अर्ध्या फेऱ्याला दोष नाही ना, शास्त्रीबुवांनीच सांगितलंय! महाराज खुर्चीवरून उठून ओरडताहेत, "पुढं पळा रे गाढवांनो!" आणि हे दुसऱ्या दगडावर बसून टोपीने वारा घेताहेत. आमच्या घरात ही गोष्ट चार पिढ्या सांगताहेत, पण इथे आलं की प्रत्येक पिढी दातओठ खाते.

शेवटच्या डावापर्यंत दोन्हीकडे भोपळा. आमचे दोन गडी बाद झालेले, आणखी एक बाद झाला की सामना संपणार. बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे, हे एजंटाने आधीच बजावलं होतं. दांडा घेऊन आला मल्हारी. आणि त्याने तो चेंडू असा हाणला की सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन त्या समोरच्या निवडुंगात दिसेनासा झाला.

दांडा टाकून मल्हारी पळाला. आणि पळाला तो उजवी घालत! देवीने त्याचे पाय वळवले, असे सांगतात. मी देवीचा पुजारी आहे, मला तेच सांगायला हवं. पण इतकी वर्षं ज्या बाजूने पळत होता त्याच बाजूला पाय गेले, यात देवीला मध्ये कशाला घ्यायचं? लोक ओरडत होते, त्याला वाटलं शाबासकी देताहेत. एकेक दगड मागे टाकत तो घरदगडाच्या एका पावलावर आला आणि तिथे त्याला दिसलं की महाराजांनी डोकं दोन्ही हातांत धरलंय, आणि अमेरिकन पंच बाद द्यायला हात वर करायच्या बेतात उभा आहे.

मल्हारी जागच्या जागी थांबला. पाय उचललेला होता, तो त्याने हळूच अलीकडे टेकवला.

महाराज पळत कडेला आले. "मल्हारी, फीर मागं! चेंडू सापडला नाही अजून! आल्या वाटेनं उलटा पळत जा, साहेबाचा फेरा पुरा होतो, आपण जिंकतो!"

टेकाडावरून माझा पणजा ओरडला, "फिरू नगंस मल्हारी! पुरा डावा फेरा हुईल! तान्ही लेक हाय तुझ्या घरात!"

दोघंही खरंच बोलत होते, हीच तर पंचाईत. मागे फिरला तर जिंकला, पण देवीला चितेसारखा फेरा. पुढे पाऊल टाकलं तर उलट्या बाजूने आला म्हणून बाद, सामना संपला, संघ मोडला. मल्हारीच्या डोळ्यांसमोर दौलूचा बाप आला, मग स्वतःची लेक आली, मग चावडी आली. एका पोराला चावडीपायी घालवलं होतं, दुसरीला चावडी चुकवायला घालवायचं का? तो ना पुढे गेला, ना मागे फिरला. तसाच उभा राहिला.

अमेरिकन गडी निवडुंगाकडे धावले. चेंडू आणून त्याच्या अंगाला लावला की तो बाद. पण त्यांच्या अर्ध्या विजारी, उघडे पाय. दोघे आत शिरले आणि विव्हळत बाहेर आले. काठ्यांनी ढोसून पाहिलं, चेंडू दिसेना. त्यांचा कप्तान दुसरा चेंडू पेटीतून काढू लागला तर त्यांचाच पंच म्हणाला, तो नाही चालणार, खेळात आहे तोच चेंडू हवा. असा पंच देव सगळ्यांना देवो.

दिवस कलला. लोक घराकडे निघाले तरी मल्हारी उभाच. तेवढ्यात चावडीचा जमादार काठी आपटत आला. सामन्याचा निकाल काय लागणार याचा वास त्याला दुपारीच आला होता.

"मल्हाऱ्या, झाला तुझा ख्येळ. काढ त्यो बिल्ला. चल हजेरीला."

मल्हारीने त्याच्याकडे मान वळवली. "झाला कुठं जमादार? म्या अजून पळतुया."

"पळतुयास? हुबा हाईस की खांबावानी!"

"दमलुया. दम खातुया. पर पळतुया."

जमादार महाराजांकडे गेला. महाराजांनी पंचाला विचारलं. पंचाने आपलं नियमाचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं आणि दुभाष्यामार्फत सांगितलं की चेंडू लागलेला नाही, घरदगडाला पाय लागलेला नाही, तेव्हा गडी बाद नाही आणि सामना संपलेला नाही. किती वेळ पळावं याला पुस्तकात मर्यादा नाही.

हैबतराव महाराजांना राज्य चालवता येत नव्हतं, असे म्हणतात, ते मलाही पटतं. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी जमादाराला हुकूम दिला, "सामना चालू आहे. सामना संपेपर्यंत हा माझ्या संघाचा गडी आहे. चावडीवर जा आणि रांग लाव." एजंटाची तार आली, निकाल काय? दरबारचं उत्तर गेलं, सामना चालू आहे. आठवड्याने पुन्हा तार, पुन्हा तेच उत्तर. अमेरिकनांचा तळ पुढे हलला. जाताना त्यांच्या कप्तानाने मल्हारीचा हात हातात घेतला आणि म्हणाला म्हणे, "चेंडू सापडला की कळवा, आम्ही येऊ." कळवतोय कोण?

पण दगडाशी किती दिवस उभं राहणार? ठकू भाकरी घेऊन यायची आणि आल्या आल्या तोंड सोडायची. "हितं हुबं ऱ्हाऊन दरबार राखतायसा, आन् घरची वैरण कोण आणणार? माझा बा?" तिचंही बरोबर होतं. महाराजांनी पुन्हा पुस्तक उघडवलं. पळणारा गडी दमला तर त्याच्या जागी संघातला दुसरा गडी येऊ शकतो, असं त्यात सापडलं. मल्हारीच्या धाकट्या भावाला, भागूला, बिल्ला देऊन संघात घेतला. त्याला हजेरी माफ. भागू दमला तर चुलता. चुलता दमला तर मेहुणा. एकेक करत बोडऱ्यांची सगळी वस्ती संघात आली. नऊ गड्यांचा संघ फुगत फुगत पन्नासावर गेला, आणि चावडीवर जमादार दिवेलागणीला नावं पुकारायचा तेव्हा समोर एक कुत्रं बसलेलं असायचं.

एजंट चिडला. चिडणारच. चेंडू शोधायला त्याने शिपाई पाठवले. इथे गावाने डोकं चालवलं. माझ्या पणज्याने कौल घेतला, 'आई, निवडुंगाला कोयता लावू दे का?' आणि डावं फूल पडलं. देवीच्या नकारापुढे सरकारही जात नव्हतं. त्या फुलाला पणज्याने मागून फुंकर घातली, असं काही वाईट तोंडाचे लोक म्हणतात. आमच्या घराण्यावर असे आरोप नेहमीच होत आले आहेत.

पण एक गोष्ट विसरू नका, आणि मला या गोष्टीत सर्वांत जास्त संताप येतो तो याच जागी. हजेरी चुकवायला या माणसांनी हजेरीच पत्करली. रोज कुणीतरी दगडाशी उभं राहायचंच. लग्न असो, सुतक असो, अंगात ताप असो. सरकारने माणसाला सरळ माणूस म्हटलं असतं तर एवढं सगळं कशाला करावं लागलं असतं? एकदा हे मी इथे आलेल्या एका प्राध्यापकांना बोललो, तर ते म्हणाले, किती रंजक. मी त्यांना उठवून लावलं.

मल्हारीला कुणी तसं विचारलं तर तो म्हणायचा, "चावडीवर माझं नाव दुसरा घ्यायचा. हितं कुणी नाव घेत न्हाई. म्या माझा येतो आन् माझा हुबा ऱ्हातो." त्याला तेवढा फरक पुरत होता.

पुढे देश स्वतंत्र झाला, संस्थान गेलं, महाराजांची गादी गेली. मग हजेरीचा कायदाही उठला. ती बातमी माझ्या आजोबांनी पळत येऊन माळावर सांगितली. दगडाशी त्या दिवशी मल्हारीचीच पाळी होती. केस पांढरे झालेले, गोफणीचा हात आखडलेला. आजोबा म्हणाले, "मल्हारीतात्या, हजेरी उठली! आता न्हाई कुणी पुकारनार!"

 मल्हारी छातीवरचा बिल्ला चाचपत राहिला. तेवढ्यात हैबतराव महाराज काठी टेकत आले. मागे ना छत्र ना शिपाई. म्हणाले, "मल्हारी, आता माझ्या संघाला पगार नाही, तुझ्यामागे जमादार नाही. आता लाव दगडाला पाय. सामना एकदाचा संपू दे. मरायच्या आधी निकाल कळू दे मला."

"म्हाराज," मल्हारी म्हणाला, "पाय लावला की म्या बाद. न्हाई लावला तर मला कुणी बाद केल्यालं न्हाई. एवढी वर्सं राखलं, आता कशापायी हरू? तुमचा ख्येळ हाय. तुमी लावा."

महाराजांनी पाय उचलला. बराच वेळ तसाच धरला. मग दगडाच्या अलीकडे टेकवला आणि हसले, असे सांगतात. रडले असंही काही जण सांगतात. दिवेलागण होत होती. मल्हारीने बिल्ला काढून मुठीत घेतला आणि दगडाला वळसा घालून, देवीला उजवीकडे ठेवून, घराकडे चालू लागला. त्याच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलं नाही. चावडीसमोरून तो इतका सावकाश गेला की ठकू दारातून ओरडली, पाय मोडला का काय म्हणून. दिवेलागणीला छातीवर बिल्ला नसताना आणि हजेरी न देता घरी येणारा बोडऱ्यांच्या घरातला तो पहिला पुरुष.

तर हे असं आहे. आजही घरदगडाला कुणी पाय लावत नाही, आजही निवडुंगाला कोयता लागत नाही, आणि कागदोपत्री विचाराल तर वाघुर्ड्याचा सामना आजही चालू आहे. आजही आमचा संघ देवीला उजवी घालून पळतो आणि बाहेरगावी गेला की पहिल्याच डावात बाद होतो. त्याचं मला काही वाटेनासं झालंय.

पण तुम्ही संघटनेकडून आला आहात, तुमच्या हातात तो नावांचा कागद आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. आता पोरं मैदानावर येतील. कुणी आधी येईल, कुणी नंतर. आली की मोजा, बघा, हवं तर एकेकाजवळ जाऊन हळू आवाजात नाव विचारा. पण रांग लावून नावं पुकारू नका. या संघात हजेरी घेत नाहीत. मागच्या वर्षी तुमच्याकडचे एक प्रशिक्षक आले होते, त्यांनाही मी असंच समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. शिट्टी वाजवून सगळ्यांना ओळीत उभं केलं, कागद डोळ्यांसमोर धरला आणि मोठ्याने पहिलंच नाव पुकारलं, "बोडरे!"

'हाजीर' कुणी म्हणालं नाही. सगळी ओळ वळली आणि मैदानाबाहेर चालू लागली. ओळीत मराठे होते, माळी होते, कोष्टी होते, तांबोळ्याचा पोरगा होता, माझा नातू होता. बोडरे दोघेच होते.